विनोदिनीबाईंची पंधरावी चाचणी

माझं डोकं पटकन सटकतं, हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिस म्हणजे तरी काय, एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, कुरकुरणारा पंखा आणि चहाचा थर्मास. साल १९९८. मी अनीश, वय सत्तावीस, प्रोग्रॅम लिहिणारा. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं कुणी म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि नेमक्या माझ्याच शेजारच्या टेबलावर आमच्या मालकांनी, विष्णुपंतांनी, विनोदिनीबाई आगाशेंना आणून बसवलं.

बाई मूळच्या वाईच्या. लग्नानंतर बरीच वर्षं साताऱ्यात काढलेल्या. मग नवऱ्याची बदली सांगलीला झाली तशा इकडे आलेल्या. वय शेहेचाळीस, सुती साडी, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा आणि बगलेत दोनशे पानी वही. आल्या होत्या त्या नुसत्या टायपिंगला. पण टाइप करता करता विचारायच्या, "हे वजन उणे बारा किलो कसं हो?" किंवा "या माणसाची जन्मतारीख त्याच्या मुलाच्या नंतरची आहे, राहू दे का तशीच?" दोन महिन्यांत विष्णुपंत वैतागले आणि खूशही झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही टाइप कमी करता आणि चुका जास्त काढता. आता चुकाच काढा, त्याचाच पगार देतो."

नेमणूक मात्र तीन महिन्यांची, तात्पुरती. कुपवाडच्या कारखान्याचं काम नीट पार पडलं तर कायम, नाहीतर रामराम. हे विष्णुपंतांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चहा ओतताना बाई मला म्हणाल्या, "अनीश, मला इथे कायम व्हायचंय बरं का. एका कोठीतून एकदा मला घालवलंय. पुन्हा तसं झालेलं मला सोसणार नाही."

"कसली कोठी?" मी विचारलं.

"सांगेन कधीतरी," म्हणत त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मीही नाद सोडला. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांच्यात काडीचाही रस नव्हता.

कुपवाडचा कारखाना पंपाचे भाग बनवायचा. तिथे भोकं, दांडे, आटे मोजायला पोलादी गेज असतात. एका कोठीत सहाशेच्या वर. कुठलं गेज कुठल्या कामगाराकडे आहे, ते शेवटचं कधी तपासलं, झिजलंय का, ही सगळी माहिती आम्हाला कॉम्प्युटरवर आणून द्यायची होती. कोठी सांभाळायचे आकाराम मोहिते. फौजेतून हवालदार होऊन परतलेले, मिशा अजून फौजेतल्याच. पहिल्या भेटीतच मी म्हटलं, "सोपं आहे. प्रत्येक गेजवर नंबर कोरलेला आहे. नंबर टाकला की माहिती समोर."

आकाराम हसले. "नंबरावर जाऊ नगा सायब. गेज झिजलं की आमी त्ये मोडीत काडतो, आन नव्यावर त्योच नंबर कोरतो. लोकांच्या तोंडात बसल्याला असतोय न्हवं. नंबर त्योच ऱ्हातो, गेज दुसरंच असतंय."

"मग ओळखता कसं?"

"हातात घेतलं की कळतंय की!"

झालं! कॉम्प्युटरला हात कुठून आणायचे? पण मला आव्हान आवडलं. मी ठरवलं, नंबर नकोच, गेज हीच किल्ली करायची.

हे जरा फोड करून सांगतो. हॅश टेबल म्हणजे खणांचं एक मोठं कपाट समजा. किल्ली द्यायची, नेमका खण उघडतो, आतली माहिती हातात येते. आता कॉम्प्युटरच्या मेमरीत प्रत्येक गेजच्या नोंदीला एक जागा मिळते. त्या जागेचा पत्ता म्हणजे रेफरन्स. दोन गेजचा नंबर एक असू शकेल, पण दोघांची जागा एक कशी असेल? तेव्हा रेफरन्स हीच किल्ली. अडचण एवढीच, की आम्ही ज्या पर्ल भाषेत काम करायचो तिच्या साध्या टेबलाला किल्ली म्हणून नुसती अक्षरं चालायची. रेफरन्स दिला की ते पत्ता अक्षरांत लिहून घेणार आणि वस्तू विसरून जाणार. परत मागितली की तुमच्या हातात पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठीला विचारून बघा तुझं माप काय, ती काय सांगणार!

म्हणून मी माझं स्वतःचं टेबल लिहिलं. त्याला रेफरन्स किल्ली म्हणून चालायचा आणि मागितल्यावर चिठ्ठी नाही, खरी वस्तू परत मिळायची. तीन आठवडे खपलो. चौदा चाचण्या लिहिल्या. एकाच नंबरची दोन गेज आत टाकली तर वेगळी राहतात का? ओके. परत मागितलेल्या गेजला माप विचारता येतं का? ओके. पडद्यावर एकाखाली एक चौदा ओके उमटले तेव्हा मी बाहेर जाऊन भडंग आणलं आणि सगळ्यांना वाटलं.

बाईंनी मूठभर भडंग खाल्लं, हात पुसले, वही उघडली आणि म्हणाल्या, "आता मी बघते."

त्या सोमवारी बघायला बसल्या. गुरुवारी प्रोग्रॅम कुपवाडला जायचा होता आणि त्याच्यासोबत एक कागद, त्यावर तपासणाऱ्याची सही. सही बाईंची.

संध्याकाळी चारच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. "अनीश, ही पंधरावी बघ रे जरा."

वहीत गोल अक्षरात लिहिलं होतं: "एक गेज मोडीत काढा. लगेच नवं आणा. नव्याला विचारा, तुझी तपासणी झाली का? उत्तर यायला हवं: नाही."

पडद्यावर उत्तर होतं: हो, १२ फेब्रुवारी.

"कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "हे गेज तुम्ही आत्ता घातलंत. फेब्रुवारीत ते नव्हतंच."

"तेच तर विचारतेय."

मी माझ्या मशीनवर तेच करून पाहिलं. उत्तर आलं, नाही. पुन्हा केलं. नाही. "बघा! तुमचं टायपिंग चुकलं असणार."

बाईंनी दहा वेळा करून पाहिलं आणि दहाही वेळेचं उत्तर वहीत मांडलं. सात वेळा बरोबर, तीन वेळा चूक.

"दहातून तीनदा!" मी म्हटलं. "कुठलीतरी बाहेरची भानगड असणार. मशीन जुनं आहे."

"मशीन तुझंही जुनंच आहे."

मंगळवारी सकाळी हेच भांडण विष्णुपंतांच्या टेबलापुढे गेलं. आवाज माझाच चढला होता, कबूल करतो. खाली दातांच्या डॉक्टरांनी वर माणूस पाठवला, पेशंट घाबरतायत म्हणून. विष्णुपंत मुळात शांत माणूस, पण त्यांनाही गुरुवारचं टेन्शन होतं. कारखान्याला शब्द दिला होता. ते म्हणाले, "बाई, तीनदाच होतंय ना? आत्ता सही करा. मागाहून अनीश बघेल."

"नाही करणार."

"अहो, तारीख चुकली तर पुढचं काम जाईल हातचं. आणि तुम्हाला कायम करायचं मी याच कामावर ठेवलंय. मग माझाही नाइलाज होईल."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या उठून बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या मागे गेलो ते भांडायलाच. "काय अडलंय तुमचं? चौदा चाचण्या पास आहेत. एका पंधरावीसाठी नोकरी घालवताय? अन ही असली चाचणी सुचते तरी कशी कुणाला? मोडीत काढा, लगेच नवं आणा!"

"कढीमुळे सुचली," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्या रस्त्याकडे बघत सांगायला लागल्या.

साताऱ्यात एका मंगल कार्यालयात त्या भांड्यांची कोठी सांभाळायच्या. सगळी पितळेची पातेली, घंगाळं, कढया. पितळेला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो, हिरवट होतो, विषारी होतो. कुठल्या भांड्याला कल्हई कधी केली, याची वही बाईंनीच आखली होती. भांड्यांवर नावं होती, पण सगळ्यांवर कार्यालयाचं एकच नाव. म्हणून बाईंनी जागेवरून ओळखायची पद्धत घातली. दुसरी फळी, चौथं पातेलं: कल्हई झाली. तिसरी फळी, पहिलं: करायचीय. सात वर्षं वही बिनचूक चालली.

"एकदा मालकांनी एक चिरलेलं पातेलं मोडीत घातलं," बाई म्हणाल्या, "आणि त्या बदल्यात नवं आणलं. मी त्या दिवशी वाईला होते, भावाकडे. कुणीतरी नवं पातेलं जुन्याच्याच जागी ठेवलं. दुसरी फळी, चौथं. दुसऱ्या दिवशी लग्न. आचारी म्हणाला, कढीसाठी मोठं द्या. मी वही बघितली. दुसरी फळी चौथं, कल्हई झाली. उचलून दिलं. आत बघितलंसुद्धा नाही रे. वहीवर माझा एवढा विश्वास."

तीनशे माणसांची ताकाची कढी. दोन तास त्या कोऱ्या पितळेत बसली. आचाऱ्याचे दोघे मदतनीस चाखायला म्हणून वाटी वाटी प्यायले आणि दुपारभर ओकत होते. कढी गटारात ओतली. मुलीच्या वडिलांनी भर मांडवात बाईंचा उद्धार केला. संध्याकाळी मालकांनी कोठीची किल्ली मागून घेतली.

"वाईट कशाचं वाटलं सांगू?" बाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "वही खोटी नव्हती. तिच्यात लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं. फक्त ते ज्या भांड्याबद्दल होतं, ते भांडं तिथे नव्हतं. अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी कुणाला कढी करून घातली नाही. घरच्यांनासुद्धा नाही."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. दुसरी फळी, चौथं पातेलं. पत्ता तोच, भांडं दुसरं. अरे देवा!

पळतच आत गेलो. माझ्या टेबलाच्या पोटात मी काय ठेवत होतो? पत्त्याची अक्षरं! वस्तू परत द्यायची वेळ आली की प्रोग्रॅममधल्या गेजच्या यादीत त्या पत्त्यावर कोण राहतं ते बघून देत होतो. गेज मोडीत निघालं की यादीतून जायचं, मेमरीतली त्याची जागा रिकामी व्हायची, पण माझ्या टेबलात त्या पत्त्याचा खण तसाच, तपासणीच्या तारखेसकट. आणि लगेच नवं गेज आलं, की कॉम्प्युटर बिचारा काय करणार, समोर दिसलेली रिकामी जागा त्याला द्यायचा. झालं! नवं गेज जुन्याच्या तारखा मिरवायला लागलं. मधेच दुसरं काही त्या जागेत जाऊन बसलं तर मात्र सगळं ठीक. म्हणून दहातून तीनदा.

माझ्या चौदा चाचण्यांना हे का दिसलं नाही? कारण त्या चौदाही चाचण्यांत मी प्रत्येक वस्तू शेवटपर्यंत हातात धरून ठेवली होती. एकही कधी टाकूनच दिली नाही, मग जागा रिकामी होणार कशी? आकारामांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मोडीत जातं, नवं येतं. मी नंबर सोडला आणि तीच चूक एक पायरी खाली जाऊन केली. मला स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, चुकलो. तुम्ही बरोबर आहात."

"अरे, मग दुरुस्त कर की," त्या म्हणाल्या, आणि थर्मासमधला चहा माझ्यापुढे ठेवला.

दुरुस्ती तशी छोटी होती. टेबलानं पत्त्यासोबत प्रत्यक्ष वस्तूच धरून ठेवायची. ती सोडत नाही तोवर तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आणि गेज मोडीत काढताना खणही रिकामा करायचा. बुधवारी दुपारी पंधरावी चाचणी ओके आली. मी म्हटलं, करा सही. बाई म्हणाल्या, "दहातून तीनदा चुकत होतं. दहांनी माझं समाधान नाही व्हायचं." त्यांनी दोनशे वेळा चालवायचं ठरवलं, दर वेळी नवं गेज, नवं माप, हातानं टाइप करून. दर दहा ओळींनंतर वहीत रेघ.

गुरुवार गेला. विष्णुपंत कपाळाला हात लावून बसले. शुक्रवारी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. आकाराम मोहिते स्वतः आले होते, एम-एटी गाडीवरून, डोक्याला उपरणं गुंडाळून.

"आवं, गुरवार म्हनला हुता तुमी," ते म्हणाले. "आमचं साह्यब माज्यावर वराडत्यात. कुठं घोडं आडलं?"

विष्णुपंत सारवासारव करायला उठले, पण बाईच पुढे झाल्या. "माझ्यामुळे अडलं. बसा, दाखवते."

त्यांनी आधी जुना प्रोग्रॅम चालवला. गेज मोडीत काढलं, नवं घातलं, तपासणी विचारली. पहिल्यांदा बरोबर आलं. दुसऱ्यांदाही. मला वाटलं, आता हे म्हातारं चिडणार. चौथ्या वेळी पडद्यावर आलं: हो, १२ फेब्रुवारी.

आकाराम खुर्चीतून पुढे सरकले. "ह्ये नवं गेज हाय म्हनता?"

"आत्ताच घातलंय तुमच्यासमोर."

"आन ह्यो म्हनतोय तपासल्यालं हाय?" त्यांनी उपरणं सोडून मांडीवर ठेवलं. "बाई, गेल्या दिवाळीच्या आदी आमच्याकडं असंच झालं. नवं गेज, नंबर जुना, वहीत बघितलं तर तपासल्यालं. चारशे नग भंगारात ग्येलं. नाव माजं निगालं. अजून साह्यब त्येच ऐकवत्यात मला."

बाई म्हणाल्या, "माझी कढी गेली होती."

"आँ?"

मग त्यांना कढीची गोष्ट सांगावी लागली. आकारामांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मधे एकदाच म्हणाले, "कळकल्याली कढी लय वंगाळ." नंतर बाईंनी नवा प्रोग्रॅम दाखवला, वहीतल्या रेघा दाखवल्या. एकशे सत्तर चाचण्या झाल्या होत्या, तीस राहिल्या होत्या. आकाराम तीसही होईपर्यंत बसले. शेवटच्या पाच तर त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केल्या, जीभ दाताखाली धरून. दोनशेच्या दोनशे ओके. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

आकारामांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. विष्णुपंतांना म्हणाले, "साह्यबास्नी मी सांगतो काय सांगायचं त्ये. फुडचं काम बी तुमच्याकडंच ऱ्हाईल. पर एक हाय. कागदावर ह्या बाईंची सही असंल तरच आमी घेनार. दुसऱ्या कुनाची चालायची न्हाई."

विष्णुपंत बाईंकडे बघून हसले. "म्हणजे आता मला तुम्हाला घालवायची सोयच उरली नाही की!"

बाई हसल्या नाहीत. "लेखी द्या," म्हणाल्या.

सोमवारी त्यांना पत्र मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तारीख तपासली आणि पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं होतं, पेढे येतील.

मंगळवारी बाई रिक्षातून उतरल्या त्या फडकं बांधलेलं भलंमोठं पातेलं घेऊन. मी खाली धावलो, जिन्यावरून वर आणायला मदत केली. पितळेचं पातेलं, वाईहून भावानं पाठवलेलं. आदल्या रविवारी बाईंनी गल्लीत आलेल्या कल्हईवाल्याला थांबवून समोर बसून कल्हई करून घेतली होती. फडकं सोडलं तसा आलं आणि कढीपत्त्याचा वास दोन्ही खोल्यांत पसरला. ताकाची कढी.

नेमके तेव्हा आकारामही आलेले, पुढच्या कामाची यादी घेऊन. बाईंनी वाट्या मांडल्या. वाढायच्या आधी पळीनं कढी बाजूला सारून आतली पांढरीशुभ्र कल्हई मला दाखवली. "बघून घे."

"बघितली, बाई."

"नीट बघ."

मी वाकून नीट बघितली. मग त्यांनी वाढलं. विष्णुपंत प्यायले, मी प्यायलो, आकाराम भुरका मारून प्यायले. बाई पळी हातात धरून उभ्या, एकेकाचं तोंड बघत होत्या. अकरा वर्षं या बाईनं कुणासमोर ही वाटी ठेवली नव्हती.

आकारामांनी मिशा पुसल्या आणि वाटी पुढे केली. "लय ब्येस झालीय. आनखी वाडा."

बाईंनी त्यांना वाढलं. मग वही ओढली, ताज्या पानावर तारीख घातली, खाली लिहिलं, "कढी: ओके," आणि स्वतःसाठी वाटी घेतली.